मोफत वीज कुणाला किती, ते एकदा खालून मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात विजेवर, पेट्रोल-डिझेलवर, हवामान बदलावर बरंच छापून येतं, मी रोज वाचते. पण दरवेळी एक गोष्ट खटकते, की चर्चा एकतर मेगावॅटची असते नाहीतर सरकारच्या तिजोरीची, आणि ज्याच्या हातात बिल पडतं त्या माणसाचा पत्ताच नसतो त्यात. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय जरा, कापायचं तर कापा, पण आकडे तेवढे ठेवा.

मी बेळगावच्या वडगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारच्या गृहज्योतीचे, म्हणजे घरगुती मोफत विजेच्या योजनेचे, अर्ज सुरू झाले तेव्हा सकाळी शटर वर करायच्या आधीच बायका बिलं घेऊन बसलेल्या असायच्या. आधार, बिलावरचा अकाउंट नंबर, मोबाइलवर ओटीपी, झालं. सगळ्यांना एकच माहिती होती, २०० युनिट फुकट. आणि पहिलं बिल आलं तेव्हा त्याच बायका परत आल्या, की ओ ताई, आमचं २०० कुठं गेलं?

२०० कुणालाच सरसकट नव्हते. नियम असा होता की २०२२-२३ सालात तुमच्या मीटरवर महिन्याला सरासरी जेवढे युनिट पडले असतील त्यावर दहा टक्के वाढवून तेवढे फुकट, आणि ही सगळी गंमत २०० च्या आत. आता ज्या घरात एक पंखा, दोन बल्ब, एक टीव्ही, त्याची सरासरी ४० धरली तर त्याला ४४ मिळाले. पुढं २०२४ च्या जानेवारीत ४८ युनिटच्या आतल्या लोकांना दहा टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून दिले, म्हणजे त्याचे झाले ५०. आणि ज्याच्याकडं फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन आहे, सरासरी १७० आहे, त्याला १८७. सरकार एकच, योजना एकच, पैसा आपल्या सगळ्यांच्याच करातला, आणि ज्याच्याकडं आधीच वस्तू आहेत त्याला पत्र्याच्या खोलीतल्यापेक्षा साडेतीन पटीहून जास्त वीज फुकट. नवीन घर असेल, जुनी नोंदच नसेल तर ५८. म्हणजे काल लग्न होऊन वेगळ्या राहिलेल्या पोरापोरीला ५८ आणि त्यांच्या घरमालकाला १८७.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगते, कारण आमच्याकडं टीका केली की लगेच अमक्या पार्टीची म्हणतात. या योजनेनं कितीतरी घरात महिन्याचं चार-पाचशे रुपयांचं ओझं उतरलं, मी डोळ्यानं बघितलंय. माझं म्हणणं मोजायच्या पद्धतीवर आहे. मोजताना सुरुवात वरून केली. ज्याच्याकडं काय आहे ते बघितलं आणि त्याच्या मापानं दिलं. आणि मला जे सांगायचंय ते हेच, की वीज म्हणा, सोलर म्हणा, इथेनॉल म्हणा, आपल्याकडं पर्यावरणाच्या नावावर नाहीतर महागाईच्या नावावर जे जे काय निघतं ते सगळं याच मापानं निघतं. ज्याचं छप्पर त्याला सबसिडी, ज्याची बोअर त्याला फुकट वीज, ज्याची जमीन त्याला भाडं. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही त्याच्या वाट्याला फक्त दरवाढ.

शहापुरातला एक वाडा सांगते, नाव नको. खाली दोन, वर दोन अशा चार चुली, आणि मीटर एकच, मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. जिन्याखाली लाकडी फळीवर मीटर, त्याच्यावर खडूनं चार रेघा मारलेल्या, कोण किती देणार त्याचा हिशोब. एकेक घर महिन्याला साठच्या आतच वीज वापरतं. पण चौघांचं मिळून रीडिंग पडतं २३० च्या आसपास, आणि २०० च्या वर गेलं की सगळंच बिल भरायचं, फुकट एक युनिट नाही. म्हणजे कमीत कमी वीज वापरणारी चार घरं पूर्ण बिल भरतात. वेगळा मीटर घ्यायचा तर मालकाची सही पाहिजे, घरपट्टीची पावती पाहिजे, आणि मालक देत नाही, त्याला भीती की उद्या भाडेकरू हक्क सांगेल. भाडेकरूलाही योजना आहे असं सरकारनं जाहीर केलेलं आहे, ते खरंच आहे, पण ज्याच्या नावावर वेगळा मीटर आहे अशा भाडेकरूला. त्यातल्या एका मावशीनं मला विचारलं, "मग आमी चार घरं एकच कुटुंब म्हणून लिवू काय?" काय सांगणार? एक कुटुंब म्हणून लिहिलं तरी युनिट तेवढेच.

आता दराचं. २०२४ च्या एप्रिलपासून राज्याच्या वीज आयोगानं घरगुती स्लॅबच काढून टाकले. त्याच्या आदल्या वर्षी १०० युनिटपर्यंत ४ रुपये ७५ पैसे होते आणि १०० च्या वर गेलं की सगळ्या युनिटला ७ रुपये. नवीन दर सगळ्यांना सरसकट ५ रुपये ९० पैसे. बातमी आली की दर कमी झाले. कुणाचे झाले? तीन एसी लावून ६०० युनिट जाळणाऱ्याचे युनिटमागं १ रुपया १० पैसे कमी झाले. आणि ज्याला योजना लागू नाही असा कमी वापरणारा, म्हणजे कागदपत्र नसलेला, त्याचे १ रुपया १५ पैसे वाढले. पुढच्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलला, युनिटचा दर दहा पैसे उतरवला पण स्थिर आकार किलोवॅटला १२० वरून १४५ केला आणि वर कर्मचाऱ्यांच्या पेन्शनसाठी म्हणून युनिटमागं ३६ पैसे. स्थिर आकार म्हणजे तुम्ही दिवा लावा न लावा द्यायचाच. कमी वीज वापरली तर बिल कमी, ही साधी गोष्ट माणसाला समजते आणि त्यानं वीज पण वाचते. स्लॅब असणं हेच खरं तर हवामानाचं धोरण होतं, जास्त जाळेल त्याला जास्त दर. तेच काढलं आणि बाहेर होर्डिंगवर वीज वाचवा म्हणून लिहिलं.

२०२३ चा ऑक्टोबर आठवत असेल सगळ्यांना. त्या वर्षी अधिक श्रावण होता, आणि नेमका ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना हे आपण बोलायला म्हणून बोलतो ते त्या वर्षी अक्षरशः झालं. राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ दुष्काळी जाहीर झाले. धरणात पाणी नाही म्हणून जलविद्युत कमी, पाऊस नाही म्हणून पंप जोरात, मागणी वाढली. सरकारनं वीज कायद्याचं कलम ११ लावून राज्यातल्या खाजगी प्रकल्पांना वीज इथंच द्यायला लावली, उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून उसनी घेतली, पावसाळ्यात परत करायच्या बोलीवर. शेतीला सात तास थ्री फेज देतो म्हणालेले ते पाच तासांवर आलं, मग ओरड झाल्यावर पुन्हा सातावर. यात सरकारनं धावपळ केली नाही असं नाही. पण तुटवडा वाटला कसा ते बघा. बेळगाव शहरात कॅम्प, टिळकवाडी भागात ज्यांच्याकडं इन्व्हर्टर त्यांना कळलं सुद्धा नाही. खेड्यात रात्री वीज म्हणून माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात, साप किरडू, आणि खानापूर पट्ट्यात तर अस्वल, हत्ती.

आणि माग. आमच्या वडगाव, खासबाग, शहापूरला मागाच्या आवाजावर दिवस चालतो. माग चालू असताना वीज गेली तर तो नुसता थांबत नाही, परत चालू करताना साडीवर आडवी रेघ उमटते, धागे तुटलेले असले तर ते एकेक जोडत बसायचं, आणि त्या रेघेची साडी मालक सेकंड म्हणून घेतो, मजुरी कापून. २०२३ च्या मे महिन्यात आयोगानं सरासरी ७० पैसे दरवाढ केली तेव्हा विणकर रस्त्यावर आले, त्यानंतर सरकारनं १० एचपीपर्यंतच्या यंत्रमागाला वीज मोफत केली. चांगलंच झालं, घरात दोन माग असलेला विणकर तरला. पण जो दुसऱ्याच्या शेडमध्ये साडीमागं मजुरी घेऊन माग चालवतो, त्याला काय मिळालं? शेडचं बिल माफ झालं, बिल मालकाचं होतं. लोडशेडिंगचे तास मात्र मजुराचे. त्या दोन तासाची मजुरी कुठल्याच योजनेत नाही. उद्यमबागच्या फौंड्रीत पण तेच. भट्टी बंद म्हणजे मालकाचं नुकसान, ते पेपरात येतं, आणि रोजंदारीवरचा कामगार गेटवरनं परत जातो, ते येत नाही.

लोक म्हणतील हे सगळं आपल्याकडचंच रडगाणं, बाहेर शिस्तीत असतं. बाहेरही नसतं. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकात उतरले, कारण सरकारनं प्रदूषण कमी करायचं म्हणून डिझेल-पेट्रोलवरचा कर वाढवत न्यायचं ठरवलं होतं. ते लोक काय हवामानाच्या विरोधात नव्हते सगळे. बरेचसे गावाकडचे, छोट्या शहरातले, जिथं बस नाही, रेल्वे नाही, कामावर जायचं तर गाडीशिवाय इलाज नाही. आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारनं श्रीमंतांवरचा संपत्ती कर जवळजवळ काढून टाकला होता. म्हणजे मोठ्या माणसाचा कर माफ आणि गाडीनं कामाला जाणाऱ्यावर पर्यावरणाचा भार. डिसेंबरात सरकारला ती करवाढ मागं घ्यावी लागली. नुकसान कुणाचं झालं? लोकांचं झालं आणि हवामानाचं पण झालं, कारण कर लावायचं नाव काढायला नंतर सगळेच घाबरायला लागले.

मग २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपात गॅसचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा काही देश शिकले. जर्मनीनं जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने ९ युरोत महिनाभराचा पास दिला, लोकल रेल्वे आणि बस देशभर कुठंही. ऑस्ट्रियानं कार्बनवर कर लावला पण त्याच वर्षी माणशी पैसे खात्यात परत टाकले, पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ५०० युरो, त्यातला काही भाग महागाईसाठी म्हणून. आणि दुसऱ्या वर्षी तर असं केलं की ज्याच्या गावाला बस-रेल्वेची सोय चांगली त्याला ११० युरो, आणि जो लांब, सोय नसलेल्या ठिकाणी राहतो त्याला २२० पर्यंत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खानापूरच्या जंगलातलं आमगाव, कणकुंबी, तळेवाडी आठवलं. सोय नाही त्याला जास्त द्यायचं, किती सरळ विचार आहे. पुढं २०२५ मध्ये तिथल्या नवीन सरकारनं पैसे वाचवायला ती योजना बंद केली, ते पण सांगायला पाहिजे, कर राहिला आणि परतावा गेला. म्हणजे एकदा मिळालं म्हणून झोपून चालत नाही.

आपल्याकडं परतावा हा शब्दच नाही. आपल्या देशात २०१० पासून कोळशावर स्वच्छ ऊर्जेच्या नावानं उपकर होता, टनाला ५० रुपयांपासून वाढत २०१६ ला ४०० झाला. नावातच स्वच्छ ऊर्जा. तो पैसा सोलरला, स्वच्छ चुलीला, अशा कामाला जायचा होता. २०१७ ला जीएसटी आल्यावर तो उपकर राज्यांच्या भरपाईकडं वळवला, आणि आता २०२५ च्या सप्टेंबरात तो काढून कोळशावर सरळ १८ टक्के जीएसटी केला. कोळसा महागला की वीज महागते, ते पैसे माझ्या दुकानाच्या बिलातून आणि त्या मावशीच्या बिलातून गेले, चौदा-पंधरा वर्षं. त्यातलं कणकुंबीच्या चुलीपर्यंत काय पोचलं?

डिझेलचं पण तसंच. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं पंपावर कोल्हापूरच्या गाड्या रांग लावायच्या हे आपल्याकडं लहान पोराला पण माहिती, कारण कर्नाटकात डिझेल स्वस्त होतं. २०२४ च्या जूनला राज्यानं पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर वाढवला, दोन्ही तीन-साडेतीन रुपयांनी महागलं, आणि २०२५ च्या एप्रिलला डिझेल अजून दोन रुपये. इंधन महाग करणं हे हवामानाच्या दृष्टीनं योग्य आहे असं शहाणे लोक म्हणतात, मी पण मान्य करते, पण मग तो पैसा बसला घाला. २०२५ च्या जानेवारीला बसचं तिकीट पण १५ टक्क्यांनी वाढवलं. गाडीवाल्याला पण महाग आणि बसवाल्याला पण महाग केलं तर माणूस काय चालत जाणार काय निपाणीहून?

इथं मी शक्ती योजनेचं मनापासून कौतुक करते. २०२३ च्या ११ जूनपासून बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, आणि माझ्या मते कर्नाटकात गेल्या दहा वर्षात हवामानासाठी झालेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, कुणी त्याला तसं म्हणत नसलं तरी. वडगावातनं सांबऱ्याला, काकतीला कामाला जाणाऱ्या बायका आधी वडापच्या टमटममध्ये कोंबून जायच्या नाहीतर नवऱ्याच्या गाडीवर, आता बसनं जातात, आणि त्यांच्या हातात पैसे राहतात. या योजनेला मीटर लागत नाही, छप्पर लागत नाही, सातबारा लागत नाही, आदल्या वर्षी किती प्रवास केला ते कुणी विचारत नाही. म्हणून ती खालपर्यंत पोचली. कमी आहे ती बसची. जांबोटीच्या पुढं बस दिवसातनं किती आणि ती पण येते का नाही, ते तिथल्या शाळेच्या पोरींना विचारा. मोफत तिकीट आहे आणि बस नाही, तर त्या तिकिटाचं काय लोणचं घालायचं?

सोलरचं बोलते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रानं सूर्यघर योजना आणली, छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं तर ७८ हजार सबसिडी. माझ्या दुकानात त्याचे फॉर्म भरायला कोण येतं? बंगलेवाले येतात, नोकरदार, निवृत्त लोक, चांगली माणसं आहेत, त्यांनी बसवावं, बसवलंच पाहिजे. पण पत्र्याच्या छपरावर पॅनल कुठं टाकणार, आणि भाड्याच्या खोलीवर कुणाचं छप्पर? ७८ हजार रुपये सरकारी पैसे त्या वाड्यातल्या चार चुलींपैकी एकीला पण मिळू शकत नाहीत. उपाय नाही असं नाही. दिल्लीत २०१९ पासून सोय आहे की पॅनल एका ठिकाणी लावायचं, शाळेच्या नाहीतर देवळाच्या छपरावर, आणि त्यातले युनिट दुसऱ्या ठिकाणच्या घरांच्या बिलातनं वजा करायचे. आपल्या वडगावात, अनगोळात, शहापुरात महापालिकेच्या शाळांची छपरं काय कमी आहेत? एका शाळेच्या छपरावर भाडेकरूंची चाळीस-पन्नास घरं बसवता आली तर सबसिडी पहिल्यांदा छप्पर नसलेल्याकडं जाईल.

आमच्या सौंदत्तीकडं डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, यल्लम्माला जाताना पोरं मोजत बसतात. पावगडचं सोलर पार्क दोन हजार मेगावॅटचं, सुमारे तेरा हजार एकरावर, तुमकूर जिल्ह्यात. तिथं जमीन विकत न घेता भाड्यानं घेतली, एकराला वर्षाला २१ हजार, दर दोन वर्षाला पाच टक्के वाढ. जमीनवाल्यासाठी हे चांगलं मॉडेल आहे, जमीन नावावर राहते आणि कोरडवाहू रानातनं खात्रीचा पैसा येतो. पण त्या रानात जे मजुरीला जायचे, शेरडं चारायचे, त्यांचं काम गेलं आणि भाड्यात त्यांचा वाटा शून्य, कारण त्यांच्या नावावर एकर नव्हता. उद्या आपल्या भागात असं काही आलं तर करारातच लिहून घेतलं पाहिजे की भाड्याचा एक हिस्सा गावातल्या भूमिहीनांचा. आधी लिहिलं नाही तर नंतर कोण देतो?

खानापूरचं तर सगळ्यात उलटं. जंगल त्यांनी राखलं. भीमगड २०११ ला अभयारण्य झालं, आतल्या गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूरसारख्या गावांना रस्ता नाही, वीज धड नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरनं आणावं लागतं. आणि याच तालुक्याच्या जंगलातनं गोव्याला जाणारी ४०० केव्हीची लाइन काढायचं घाटतंय, झाडं इथली जाणार, वीज तिकडं. विरोध झाला, अडलं. पण मला सांगा, ज्या गावानं सगळ्यात कमी कोळसा जाळला, जंगल सांभाळलं, त्याच गावाला अंधार, आणि वर वनखात्याचा माणूस मोळी अडवतो. उज्ज्वलाचा सिलिंडर दिला म्हणतात. दिला. पण आधी पूर्ण पैसे मोजायचे, ३०० ची सबसिडी मागनं खात्यात, सिलिंडर घ्यायला मुख्य रस्त्यापर्यंत यायचं, आणि हातावर पोट असलेल्या घरात एकदम तेवढी नोट कुठनं येणार? पावसाळ्यात ओली लाकडं फुंकत बसलेल्या बाईचे डोळे बघा, चुलीपाशी चार महिने धूरच धूर. तिच्यासाठी सबसिडी आधी कापून घ्यायची, उरलेलेच पैसे मागायचे, एवढं कॉम्प्युटरला जमत नाही काय? माझ्या छोट्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पण बिलातनं सूट आधी वजा होते.

उसाचं दोन ओळीत सांगते कारण त्यावर तुमच्याकडं भरपूर येतं. इथेनॉल आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, वीज ही हवामानाच्या नावावर वाढली, पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं लक्ष्य गाठलं, चांगली गोष्ट आहे. पण एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, अजून साखरेच्या उताऱ्यावरच ठरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला शेतकरी बसले तेव्हा कुठं टनाला ३३०० वर तोड निघाली. आणि ऊसतोड मजूर? फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडात कोयता मारणाऱ्याचं नाव इथेनॉलच्या एका पण जाहिरातीत नाही.

काही लोक म्हणतात, विशेषतः आमच्यातले शिकलेले, की फुकट दे दे करून राज्य बुडालं. मी त्यांना एवढंच विचारते की १८७ युनिट फुकट घेताना तुम्ही अर्ज भरला का नाही. भरला, मीच भरून दिला. मग बुडालं तर सगळ्यांनी मिळून बुडवलं, शिव्या एकट्या पत्र्याच्या खोलीला का? आणि दुसरे म्हणतात हवामान बिवामान शहरातल्या लोकांचं खूळ. २०१९ च्या ऑगस्टात दूधगंगा, वेदगंगा निपाणी-चिकोडीच्या गावांत शिरल्या, मार्कंडेय पात्र सोडून वाहिली, बळ्ळारी नाल्यानं आमच्या वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला बासमती झोपवला, तेव्हा नद्यांनी कर्नाटक का महाराष्ट्र ते बघितलं नाही. त्या पुरात पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख मिळाले, मोठी मदत होती. पण ते घरमालकाला. भाड्यानं राहणाऱ्याला ताबडतोबीचे दहा हजार मिळाले तर मिळाले, ट्रंक, भांडी, पोरांची पुस्तकं, शिलाई मशीन सगळं वाहून गेलेलं असताना. तिथं पण तेच माप.

मग काय पाहिजे? मला वाटतं ते लिहिते, तज्ञ नाही मी पण बिलं रोज बघते. प्रत्येक घराला सारखे युनिट फुकट द्या, ७५ द्या नाहीतर ८० द्या, फ्रीजवाल्याला तेवढेच आणि पंखेवाल्याला तेवढेच, आणि त्याच्यावर दर चढत जाऊ दे, ६०० जाळणाऱ्याला चांगला बसू दे. एका मीटरवर चार चुली असतील तर रेशनकार्डावरनं घरं मोजा, मालकाच्या सहीसाठी अडवू नका. डिझेलवर वाढवलेल्या करातला ठरलेला हिस्सा बससाठी बाजूला काढा, आणि किती काढला, कुठल्या डेपोला किती बस आल्या ते पेपरात छापा. लोडशेडिंग करायचीच वेळ आली तर वेळापत्रक आठ दिवस आधी लावा आणि टिळकवाडीला पण तेवढेच तास द्या जेवढे वडगावला.

आणि हे सगळं मराठीत पण सांगा. मी कानडी वाचते, लिहिते, माझ्या दुकानात दोन्ही भाषेची माणसं येतात आणि दोघांची बिलं सारखीच जड असतात, यात भांडण लावायचं मला काहीच कारण नाही. पण ७० वर्षाच्या आजीला बिलावर काय लिहिलंय ते कळत नसेल तर तिचा हक्क गेला हे पण तिला कळत नाही. कितीतरी घरांनी वर्षभर योजना घेतली नाही कारण मोबाइलवरचा मेसेज वाचता आला नाही. बिलाच्या मागं चार ओळी मराठीत छापायला किती शाई लागते?

वीज कायद्यात, २००३ च्या, असं आहे की दर ठरवायच्या आधी आयोगानं लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्यायच्या. तीन वर्षांचे दर २०२५ मध्ये एकदम ठरवून झाले, आता पुढचे ठरतील तेव्हा तरी एक सुनावणी बेळगावात घ्या, एक खानापुरात आणि एक निपाणीत, तोंडी म्हणणं मराठीत मांडू द्या आणि ते लिहून घ्या. डिसेंबरात इथं बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन भरतं, आमच्या आमदारांनी तिथं एवढं तरी मागावं. आणि सुनावणी सकाळी अकराला ठेवू नका. अकराला विणकर मागावर असतो, बाई कामावर असते आणि खानापूरची बस अजून वाटेत असते. रविवारी दुपारी ठेवा, बिलं घेऊन माणसं आणायचं काम माझं.

आपली,
एक वाचक
वडगाव, बेळगाव